सहा आठवड्यांचं गाव

माझ्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलाचं लग्न डिसेंबरात ठरलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पत्रिका छापायला गेली. मी तेव्हा अमेरिकेत होते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो गावी तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, दोन महिन्यांच्या मुक्कामाला. एके रात्री आम्ही जेवून उठतो न उठतो तोच पुण्याहून अक्काचा फोन.

"हे बघ, पत्रिकेचं प्रूफ आलंय. खाली सगळ्यांची नावं आहेत. हिच्या नावाआधी काय घालू? सौ. घालू का श्रीमती? आणि आडनाव तरी कुठलं लावू?"

भाची ओट्याशी भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला. मी अक्काला म्हटलं, "उद्या सांगते." उद्या सांगण्यासारखंही माझ्यापाशी काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हिचं लग्न पुण्यात झालेलं, होम-सप्तपदीसह, अगदी यथासांग. दोघं नोकरीनिमित्त इकडे आली. चार वर्षांपूर्वी नवरा पुण्याला म्हणून गेला तो परतलाच नाही. पुढं पुढं पत्राला उत्तर देईना, फोन उचलीना. हिनं शेवटी इथल्या न्यायालयात अर्ज केला. कॅलिफोर्नियात १९७० सालापासून घटस्फोटासाठी कुणावर दोष ठेवावा लागत नाही. मतभेद मिटण्याजोगे नाहीत, एवढं एकानं म्हटलं की पुरतं. त्याला समन्स पोचलं, तो हजर झाला नाही, आणि हिला एकतर्फी हुकूमनामा मिळाला. आता तिच्या कचेरीतल्या एका बेळगावकडच्या सालस गृहस्थाशी तिचं जमलं आहे. सगळं चांगलं आहे. फक्त पुण्यातले वकील म्हणतात की हा कागद तिकडचा तिकडे ठीक, इथं चालायचा नाही. म्हणजे पोरगी सॅक्रामेंटोला मोकळी आणि पुण्याला बांधलेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "मावशी, शनिवारी तुला रेनोला नेते. तुला बघायचं होतं ना?"

बघायचं होतं खरं. जुन्या इंग्रजी चित्रपटांतून ते गाव कितीदा भेटलेलं. बायका तिथं जायच्या आणि दीड महिन्यानं नवऱ्यावाचून परत यायच्या. पण त्या आठवड्यात तिनं ते नाव काढावं, याचं मला जरा नवल वाटलं. मी काही बोलले नाही.

मोटारीनं अडीच तासांची वाट. मला मात्र आगगाडीचा सोस, म्हणून आम्ही गाडीनं निघालो. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि गाडी सिएरा नेव्हाडाचा डोंगर सात हजार फुटांपर्यंत चढते. आपला बोरघाट तीन-चार वेळा एकावर एक ठेवावा, असं म्हणा. डॉनर खिंडीपाशी १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या काफिल्याची हकीकत डब्यातल्या एका आजोबांनी मला सांगायला घेतली. भाचीनं खुणेनं सांगितलं, ऐकू नकोस, डबा उघडलाय आपण. खिंड ओलांडली की ट्रकी नदी रुळाला येऊन मिळते आणि रेनोपर्यंत सोबत करते. काठची झाडं पिवळीधमक झालेली. ही नदी टाहो सरोवरातून निघते आणि वाळवंटातल्या पिरॅमिड सरोवरात जाऊन थांबते. समुद्राची भेट तिच्या नशिबी नाही.

पूर्वी रेनोला येणाऱ्या बायका बहुतेक उलट्या दिशेनं, पूर्व किनाऱ्याकडून, तीन-चार रात्री गाडीत काढून येत. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर अमेरिकेत लग्नाचा कायदा देशाचा नाही, ज्या त्या राज्याचा आहे. न्यूयॉर्क राज्यात १७८७ पासून १९६६ पर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण मान्य होतं. नवरा मारतो, दारू पितो, हे तिथल्या कायद्याला पुरेसं नव्हतं. दक्षिण कॅरोलिनात तर मधली पाच-सहा वर्षं सोडली तर १९४९ पर्यंत घटस्फोटच नव्हता. आणि घटस्फोट मिळाला तरी पुढच्या लग्नाची वाट मोकळी होतीच असं नाही. न्यूयॉर्कात जो दोषी ठरे, त्याला पहिला जोडीदार जिवंत असेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीवाचून दुसरं लग्न करता येत नसे. मग अशी माणसं शेजारच्या कनेक्टिकटमध्ये जाऊन लग्न लावीत आणि घरी परत येत; आणि गंमत अशी की १८८१ साली न्यूयॉर्कच्याच वरिष्ठ न्यायालयानं असलं लग्न कायदेशीर ठरवलं! बंदी आहे ती आमच्या हद्दीत, पलीकडचं लग्न ते लग्नच, असा न्याय.

आजही हा घोळ पुरता सरलेला नाही. टेक्ससमध्ये घटस्फोटानंतर तिसाव्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणाशी लग्न करता येत नाही, अलाबामात साठ दिवस. विस्कॉन्सिनमध्ये सहा महिने, आणि तेही जगात कुठंही जाऊन लावलंत तरी आम्ही मानणार नाही, असं बजावून. नेव्हाडात एक तासही थांबायला नको. भाचीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझा तो प्रश्न नाही ग. कॅलिफोर्नियाचे सहा महिने केव्हाच झाले." मग खिडकीबाहेर बघत बसली.

रेनोचं स्टेशन आता जमिनीखालच्या खंदकात आहे. वर आलं की समोर जुगारखाने. रस्त्यावर ती प्रसिद्ध कमान, 'जगातलं सर्वांत मोठं लहान गाव' असं मिरवणारी. पहिली कमान १९२६ ची. हॉटेलात सामान टाकून आम्ही न्यायालयाकडे चालत निघालो. शनिवार, त्यामुळे दारं बंद. १९११ च्या सुमाराची ती भारदस्त इमारत, डोक्यावर घुमट, दर्शनी बाजूला उंच खांबांची रांग. हुकूमनामा मिळालेल्या बायका बाहेर येऊन या खांबांचं चुंबन घेत, अशी आख्यायिका आहे. मी एका खांबाला हात लावून पाहिला. गार होता.

या गावाचा धंदा हा असा कसा झाला? खाणी संपत आलेल्या, माणसं थोडी, वाळवंट अफाट. विकण्यासारखं नेव्हाडापाशी काही असेल तर तो कायदा. पूर्वी तिथं सहा महिने राहिलं की रहिवासी मानत आणि मग दावा लावता येई. १९२७ साली ते तीन महिन्यांवर आणलं. इतर राज्यंही तीन महिन्यांवर उतरू लागली, तशी १९३१ च्या मार्चमध्ये, ऐन मंदीत, नेव्हाडानं मुदत सहा आठवड्यांवर आणली. गव्हर्नर बाल्झर यांनी ज्या दिवशी या कायद्यावर सही केली त्याच दिवशी जुगारालाही परवानगी दिली. शेजारचा दुकानदार भाव उतरवतो म्हणून आपणही उतरवायचा, अगदी तसं. त्या दशकात या एका न्यायालयातून तीस हजारांहून अधिक घटस्फोट झाले.

मला कुतूहल त्या बेचाळीस दिवसांचं. बाई गाडीतून उतरे, आधी वकिलाकडे जाई, मग बिऱ्हाड शोधी. पैसेवाल्या नदीकाठच्या रिव्हरसाइड हॉटेलात किंवा गावाबाहेरच्या कुरणांवर उतरत. तिथं घोडे, मोकळी हवा आणि बायकांना रपेट शिकवणारे देखणे गुराखी. बाकीच्या कुणाच्या तरी घरी खोली घेऊन राहत. कित्येकींनी खानावळीत वाढण्याचं काम करून खर्च भागवला. कृष्णवर्णीय बाईला हॉटेलात थारा नसे, तिनं आपल्याच लोकांच्या घरी सोय बघायची. घरमालकिणीला मोठा मान, कारण दाव्याच्या दिवशी साक्ष तिची. ही बाई सहा आठवडे राज्यात आहे, मी तिला रोज पाहिलं आहे, असं शपथेवर तिनं सांगायचं. म्हणजे रोज नाश्त्याला तोंड दाखवणं आलंच. कुणी दोन दिवस पलीकडे कॅलिफोर्नियात चैन करून आली, तर ते दिवस हिशोबातून वजा!

आणि मग तो दिवस. दरवाजे बंद, पाच-दहा मिनिटांचं काम. कारण बहुधा ठरलेलं: मानसिक छळ. छळ म्हणजे काय, हे कुणी खोदून विचारीत नसे. पण एक प्रश्न हमखास असे. नेव्हाडात कायमचं राहण्याच्या हेतूनं आलात का? बाई शपथेवर 'हो' म्हणे, आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट तिच्या पर्समध्ये असे. न्यायाधीशांना ते ठाऊक, वकिलांना ठाऊक, घरमालकिणीला तर गाडीची वेळसुद्धा ठाऊक. गावच्या गाव एका खोट्या 'हो'वर जगत होतं.

मेरी पिकफर्ड ही मूकपटांची केवढी मोठी नटी. तिनं १९२० साली तर सहा आठवडेही काढले नाहीत. प्रतिवादी ज्या जिल्ह्यात सापडेल तिथं दावा लगेच चालवता येई, आणि तिचा नवरा ओवेन मूर नेमका त्याच वेळी नेव्हाडातल्या मिंडन गावी 'सापडला'. महिना संपायच्या आत तिनं डग्लस फेअरबँक्सशी लॉस एंजेलिसला लग्न लावलं. राज्याच्या सरकारी वकिलानं हरकत घेतली, ती १९२२ साली फेटाळली गेली.

मी हे सगळं मोठ्या रसानं सांगत होते. भाची न्यायालयाच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "मावशी, पण घरी परत गेल्यावर काय व्हायचं?"

तो प्रश्न तिनं विचारला नसता तर बरं झालं असतं, कारण त्याची उत्तरं मला माहीत होती.

बर्ट्रांड रसेल आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांचे थोरले भाऊ फ्रँक, म्हणजे दुसरे अर्ल रसेल. पहिल्या पत्नीशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण. इंग्लंडच्या कायद्यानं सुटका होईना. ते मॉली सॉमरव्हिल हिच्याबरोबर अमेरिकेत आले, टाहो सरोवराकाठी हिवाळा काढला, १९०० च्या एप्रिलमध्ये नेव्हाडाचा घटस्फोट घेतला आणि लगोलग याच रेनोत लग्न लावलं. नवराबायको म्हणून लंडनला परतले. पुढच्या वर्षी त्यांना द्विविवाहाबद्दल अटक झाली. उमराव असल्यामुळे खटला उमराव सभेपुढे चालला! त्यांनी गुन्हा कबूल केला आणि तीन महिने हॉलोवेच्या तुरुंगात काढले. रेनोतला नवरा लंडनमध्ये कैदी झाला.

तो साहेबाचा देश म्हणून सोडून देऊ. अमेरिकेतल्या अमेरिकेत काय झालं? उत्तर कॅरोलिनातला एक दुकानदार आणि त्याच्याच दुकानातल्या कारकुनाची बायको १९४० साली लास व्हेगासला आली. रस्त्याकडेच्या एका मोटार-धर्मशाळेत सहा आठवडे राहिली. दोघांनी आपापले घटस्फोट घेतले आणि तिचा हुकूमनामा हाती पडला त्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, लग्न करून गावी परतली. तिथं दोघांवर खटला. एका राज्याचा निवाडा दुसऱ्यानं मानावा, असं अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. त्या आधारावर १९४२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची शिक्षा रद्द केली. उत्तर कॅरोलिनानं पुन्हा खटला भरला. १९४५ साली तेच सर्वोच्च न्यायालय म्हणालं की निवाडा मानायचा खरा, पण ही माणसं तिथली रहिवासी होती की नुसती वस्तीला होती, हे तपासायचा घरच्या राज्याला अधिकार आहे. शिक्षा कायम झाली. तो एक 'हो' पाच वर्षांनी असा अंगाशी आला. या निकालानंतर रेनोचा कागद घेऊन घरी गेलेल्या किती घरांत रात्रीची झोप उडाली असेल!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे काडीमोड आणि पाट कित्येक जातींत पूर्वापार होते. पंचांसमोर काडी मोडली, पुढं पाट लागला, संसार सुरू. पांढरपेशांच्या घरांत मात्र बाईला दार नव्हतं. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, साऱ्या देशासाठी १९५५ साली. तेव्हा घटस्फोटानंतर वर्षभर लग्न करायचं नाही, अशी अट होती. ती १९७६ साली काढून टाकली, आणि त्याच वेळी परस्परसंमतीचं कलम आलं. पण परदेशी कागदाचं काय? त्याचं उत्तर १९९१ च्या एका निकालात आहे, आणि पुण्याच्या वकिलांनी अक्काला तोच वाचून दाखवला होता. तिरुपतीला १९७५ साली झालेलं लग्न. नवऱ्यानं अमेरिकेत मिसूरी राज्यात नव्वद दिवस राहिल्याचं सांगून १९८० साली घटस्फोट मिळवला आणि पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं फौजदारी गुदरली. आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्या कायद्यानं लग्न लागलं त्या कायद्यातल्या कारणानंच ते मोडता येईल. नव्वद दिवसांच्या वस्तीवर मिळालेला हा हुकूमनामा इथं चालणार नाही. अपवाद ठेवले, त्यातला एक असा की दुसऱ्या बाजूची संमती असेल तर चालेल.

हा निकाल झाला तो एका बाईच्या रक्षणासाठी, हे मला मान्य आहे. नवऱ्यांनी विमानात बसून बायका टाकाव्यात आणि इकडे पोरींना पोस्टानं कागद यावा, याला कुठंतरी अडसर हवाच होता. पण तोच अडसर आज माझ्या भाचीच्या दारावर बसला आहे. तिचा नवरा गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, आणि 'मतभेद मिटत नाहीत' हे कारण आपल्या कायद्यात नाही. तिनं इकडे लग्न केलं तर ती अजून भारताची नागरिक असल्यामुळे तिकडे फौजदारीचं भय. पूर्वी दंडसंहितेचं ४९४ कलम होतं, २०२४ पासून न्यायसंहितेचं ८२. आणि पुढं मुलंबाळं, वारसा, अक्काचा फ्लॅट. रसेलसाहेबांच्या गोष्टीला मी एरवी हसले असते.

उन्हं कलली तशा आम्ही पुलावर आलो. न्यायालयापासून दोन मिनिटांवर नदी आणि तिच्यावरचा व्हर्जिनिया स्ट्रीटचा पूल. हुकूमनामा घेऊन आलेल्या बायका इथून लग्नाची अंगठी पाण्यात टाकत म्हणे. काहींच्या मते ही निव्वळ प्रवाशांसाठी रचलेली कथा, पण नदीत अंगठ्या सापडल्या आहेत. १९६१ च्या 'द मिसफिट्स' चित्रपटात मर्लिन मन्रो याच पुलावर अंगठी टाकावी की नको म्हणून घुटमळते आणि अखेर टाकत नाही. त्या कथेचा लेखक आर्थर मिलर स्वतः १९५६ साली आपल्या घटस्फोटासाठी पिरॅमिड सरोवराकाठी मुदत काढत बसला होता, आणि पुढं मन्रोशीच त्यानं लग्न केलं. तो जुना पूलही आता नाही. १९०५ चा पूल २०१५ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी नवा झाला. कठडा नवा, नदी तीच.

"तुझी अंगठी?" मी विचारलं.

"अंगठी कुठली? मंगळसूत्र पुण्याला बँकेत आहे. आईच्या नावच्या लॉकरमध्ये." ती हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मावशी, तुला सांगितलं नाही. परवा त्याच्या आईचा फोन आला होता."

"कुणाच्या?"

"त्याच्या. त्यांनाही मुलाचं पुन्हा जमवायचंय. मुलीकडचे म्हणतात, पुण्याच्या कोर्टाचा कागद दाखवा. अमेरिकेतला नको."

मी कठड्याला टेकले. चार वर्षं ज्या घरातून एक शब्द आला नाही, त्या घराला आता त्याच कागदाची गरज पडली होती!

"मग?"

"संमतीचा अर्ज करायचा, दोघांच्या सह्यांनी. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते आहेच. मग सहा महिने थांबायचं. २०१७ पासून न्यायालयाला वाटलं तर ते माफ करता येतात."

"आणि तो सही करील?"

"त्याची आई म्हणते, करील." ती पाण्याकडे बघत होती. "गंमत बघ. त्या बायांना विचारायचे, तुम्ही इथंच राहणार का? मला आई दर फोनला हेच विचारते."

मी तिला उत्तर विचारलं नाही.

आता रेनोला घटस्फोटासाठी फारसं कुणी येत नाही. न्यूयॉर्कचा जुना कायदा गेला, कॅलिफोर्नियानं १९७० ला दार उघडलं, मागोमाग बाकीच्यांनी. दोषारोपाशिवाय घटस्फोट देणारं शेवटचं राज्य न्यूयॉर्कच, २०१० साली. सहा आठवड्यांचा नियम मात्र नेव्हाडात अजून आहे, आणि शेजारणीची साक्षही. रिव्हरसाइड हॉटेलात आता चित्रकार राहतात. आम्ही त्याच्या जवळच्या एका उपाहारगृहात महागडा आणि बेचव भात खाल्ला. शेजारच्या टेबलाशी एक नवंकोरं जोडपं बसलं होतं, तिच्या डोक्यावर पांढरी जाळी, त्याच्या खिशाला फूल. लग्न लावायला लोक इथं पहिल्यापासून येतात. १९२७ साली कॅलिफोर्नियानं परवान्यासाठी तीन दिवस थांबायची अट घातली आणि तिथली घाईची जोडपी डोंगर ओलांडून रेनोला येऊ लागली. घटस्फोटाच्या भर धंद्यातसुद्धा इथं लग्नंच जास्त लागत. भाचीनं त्या दोघांचा त्यांच्या फोनवर फोटो काढून दिला.

रात्री खोलीत परत आलो तर अक्काचा फोन. पुण्यात सकाळ झाली होती, छापखानावाला दारात उभा होता.

"काय ठरलं ग? सौ. का श्रीमती?"

भाचीनं फोन माझ्या हातून घेतला. "आई, तुला हवं ते घाल," म्हणाली आणि अर्जाची हकीकत सांगायला सुरुवात केली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग अक्का म्हणाली, "त्याला थांबायला सांगते."

पत्रिका आम्हाला नोव्हेंबरात मिळाली, दिवाळीच्या फराळाच्या खोक्यात, चिवड्याच्या पिशवीला टेकवून ठेवलेली. मी आधी तळाशी पाहिलं. भाचीचं नाव नव्हतं. थोरल्या मुलाचं नाही, सुनेचं नाही, अगदी माझंही नाही. इतक्या वर्षांत घरच्या पत्रिकेत माझं नाव नाही असं कधी झालेलं नव्हतं. अक्कानं सगळी यादीच गाळली होती आणि 'समस्त परिवार' एवढंच छापून घेतलं होतं. तिचे दीर त्यावरून रुसले ते अजून रुसलेलेच आहेत. चकल्यांचा वाटेत चुरा झाला होता. तो आम्ही दोघींनी चमच्यानं खाल्ला.